एकच डीएसएलआर, फोटोसाठी आणि व्हिडिओसाठी: काय तपासावं, सोबत काय घ्यावं

दुकानात डीएसएलआर हातात आला की बहुतेक जण डोळा व्ह्यूफाइंडरला लावतात, दोन-चार फोटो काढतात आणि पसंती सांगून मोकळे होतात. फोटोपुरती ही परीक्षा पुरेशी आहे. व्हिडिओबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण व्हिडिओ काढताना तोच कॅमेरा आतून निराळ्या पद्धतीने चालतो.

फोटो काढताना आरसा खाली असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावरून व्ह्यूफाइंडरकडे जातो आणि थोडा प्रकाश तळाशी बसवलेल्या, फक्त फोकसचं काम करणाऱ्या सेन्सरकडे. म्हणून फोकस चटकन बसतो. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर काळा पडतो आणि तळाच्या त्या सेन्सरला प्रकाशच मिळत नाही. मग फोकस मुख्य सेन्सरलाच शोधावा लागतो. काही कॅमेरे तो कॉन्ट्रास्ट बघून, पुढे-मागे चाचपडत शोधतात. हे चाचपडणं रेकॉर्ड होतं: चेहरा क्षणभर धूसर होतो, मग पुन्हा स्पष्ट. कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आणला, तेव्हापासून त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत मुख्य सेन्सरच थेट अंतर ओळखतो आणि फोकस सरळ जागेवर जातो.

त्यामुळे दुकानात व्हिडिओ मोड लावूनच कॅमेरा तपासा. लेन्स ५० मिमीच्या आसपास ठेवा, सोबतच्या माणसाला दहा फुटांवरून तीन फुटांपर्यंत सावकाश चालत यायला सांगा आणि रेकॉर्डिंग करा. मग त्याला एक हात चेहऱ्यासमोर आणून बाजूला घ्यायला सांगा. हे फुटेज कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलं की कोणता कॅमेरा कामाचा ते कळतं. मेगापिक्सेलचे आकडे त्यानंतर.

मॉडेलांची तुलना

कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, आहे आणि २०२० नंतर त्यांनी नवे डीएसएलआर काढलेले नाहीत. म्हणजे निवड उरलेला नवा माल आणि सेकंडहँड यांतच करायची आहे. यात नुकसान काहीच नाही. लेन्स मुबलक आहेत, बॅटऱ्या सहज मिळतात आणि या कॅमेऱ्यांचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत.

कॅनन १५००डी फोटो शिकायला चांगला, पण त्याला बाहेरचा माइक जोडायची सोय नाही, स्क्रीन फिरत नाही आणि ड्युअल पिक्सेल नाही. व्हिडिओ हे निम्मं काम असेल तर तो घेऊ नका. निकॉन डी३५००ची तीच अडचण: फोटो सुरेख, माइकचा जॅक नाही.

कमी खर्चात दोन्ही कामं करणारा कॅमेरा म्हणजे कॅनन २००डी किंवा त्याचा पुढचा २००डी मार्क २. ड्युअल पिक्सेल, बाजूला उघडून फिरणारी स्क्रीन, माइकचा जॅक हे सगळं साडेचारशे ग्रॅमच्या आसपासच्या बॉडीत मिळतं. मार्क २च्या खोक्यावर फोर-के लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. फोर-के लावलं की सेन्सरचा मधला भागच वापरला जातो, चौकट फुलफ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) तुलनेत जवळजवळ अडीचपट आवळते आणि ड्युअल पिक्सेल बंद पडतो. हा कॅमेरा फुल एचडीसाठी घ्यायचा. दोन्हींना हेडफोनचा जॅक नाही, म्हणून प्रत्येक मुलाखतीआधी वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ते ऐकणं भाग आहे.

सेकंडहँडमध्ये आमची पहिली पसंती ८०डी. माइक आणि हेडफोन दोन्ही जॅक, मोठी एलपी-ई६एन बॅटरी, ५० फ्रेमचं फुल एचडी, आणि ठरावीक सेटिंग साठवायला डायलवर सी१, सी२. फोर-के नाही, पण मोबाइलवर बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओला त्याची उणीव भासत नाही. फोर-के हवंच असेल तर ९०डी: ३२.५ मेगापिक्सेल, आणि फोर-के सेन्सरच्या पूर्ण रुंदीत.

निकॉन डी५६००ला माइकचा जॅक आणि फिरणारी स्क्रीन आहे, फोटो उत्तम, पण व्हिडिओत फोकस कॉन्ट्रास्टवर चालतो. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट चित्र दाखवणारा मोड) सुरू असताना अॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश येण्याचं छिद्र, बदलतही नाही, त्यासाठी बाहेर पडून परत यावं लागतं. डी७५०० फोटोंसाठी दणकट, फोर-के मात्र त्यातही कापलेलं. मॅन्युअल फोकस करणाऱ्याला हे दोन्ही चालतील. एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्याला नाही. निकॉनचाच डीएसएलआर हवा आणि ऑटोफोकसही हवा असेल तर फुलफ्रेम डी७८० बघा. त्यात सेन्सरवरचा फेज डिटेक्ट फोकस आहे, कॅननच्या ड्युअल पिक्सेलसारखा थेट अंतर ओळखणारा. किंमत अर्थातच वरच्या पायरीची.

सेकंडहँड घेताना

मुंबईत सीएसएमटीसमोरचा बोरा बाजार आणि डी. एन. रोड ही फोर्टातली कॅमेऱ्यांची जुनी बाजारपेठ. जाताना स्वतःचं मेमरी कार्ड, एक साधा कॉलर माइक आणि छोटी टॉर्च घेऊन जा. लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी करून, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, आतून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती फंगस आहे आणि मुंबईतल्या जुन्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. चार-सहा धुळीचे कण असले तर चिंता नाही.

पांढऱ्या भिंतीचा, अॅपर्चर बारीक करून म्हणजे एफ १६ला, जाणूनबुजून आउट ऑफ फोकस फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती निघते. ठिपक्याऐवजी ओरखडा दिसला तर कॅमेरा परत करा. फिरणारी स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असताना सगळ्या दिशांना फिरवा. बिजागरीतली रिबन केबल कमजोर झाली असेल तर स्क्रीन एखाद्या कोनात लुकलुकते. माइक लावून प्लग हळूच हलवा आणि रेकॉर्डिंग ऐका. खरखर आली तर जॅक सैल आहे, आणि दुरुस्तीला बॉडी उघडावी लागेल.

शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, सगळे विचारतात. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो नोंदवलेला असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत नसतो. ८०डीचं शटर एक लाखाला, डी७५००चं दीड लाखाला तपासलेलं आहे. मात्र हा आकडा व्हिडिओचे तास दाखवत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याकडच्या कॅमेऱ्याचा काउंट कमी असेल आणि सेन्सर तरी तासन्तास तापलेला असेल. म्हणून लेन्सला झाकण लावून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ठेवून दहा मिनिटं सलग रेकॉर्डिंग करा आणि शेवटच्या मिनिटात लाल-निळे चमकणारे ठिपके किती आहेत ते पाहा. बॅटरीचं आयुष्य ८०डीच्या मेनूत तीन हिरव्या चौकोनांनी, तर डी७५००च्या मेनूत ० ते ४ अशा आकड्यांनी कळतं. निकॉनमध्ये ० म्हणजे नवी.

बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या. नवा कॅमेरा बिलाशिवाय स्वस्तात देऊ करत असतील तर त्याला भारतातली वॉरंटी नसते, दुरुस्तीच्या वेळी तो फरक वसूल होतो.

लेन्स: आधी खोली मोजा

एकूण पैशांतले निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नका. व्हिडिओचा दर्जा लेन्स, आवाज आणि स्टँड यांनी ठरतो, आणि बॉडी बदलली तरी या तीन गोष्टी पुढे चालतात.

सगळे पहिल्यांदा ५० मिमी एफ १.८ घेतात. पोर्ट्रेटला ती अप्रतिम आहे, पण मुंबईच्या घरात व्हिडिओसाठी ती फार आवळते. हिशोब सोपा आहे. कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान, सेन्सरची रुंदी साधारण २२.३ मिमी. तिला लेन्सच्या मिमीने भागायचं आणि अंतराने गुणायचं, चौकटीची रुंदी मिळते. बारा फूट लांबीच्या हॉलमध्ये बोलणारा माणूस मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे बसवला, कॅमेऱ्यामागे उभं राहायला दोन फूट सोडले, तर उरतात सात फूट. सात फुटांवरून ५० मिमी लेन्स फक्त तीन फूट रुंद चौकट देते: डोकं आणि खांदे. २४ मिमीला साडेसहा फूट मिळतात, म्हणजे माणूस, टेबल आणि मागचं पुस्तकांचं कपाट. १८ मिमीला पावणेनऊ फूट. माणसाला भिंतीला चिकटवून जागा वाढवू नका. पार्श्वभूमी धूसर होत नाही आणि भिंतीवर डोक्याची सावली पडते.

म्हणून सुरुवातीचा संच असा असावा: १८-५५ एसटीएम, आणि सोबत २४ मिमी एफ २.८ एसटीएम. कॅननमध्ये एसटीएम किंवा नॅनो यूएसएम, निकॉनमध्ये एएफ-पी असं लिहिलेल्या लेन्सचा फोकस आवाज न करता सरकतो. जुन्या किट लेन्सची घरघर कॅमेऱ्यातल्या माइकला स्पष्ट ऐकू जाते. निकॉनवाल्यांनी दोन गोष्टी जपायच्या. डी३५०० आणि डी५६००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट एएफ-पी लेन्स डी७०००, डी५१००, डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत.

दुपारच्या उन्हात व्हिडिओ करायचा तर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतोच. शटर १/५० आणि आयएसओ १०० ठेवला तर भर उन्हात अॅपर्चर एफ २२ला जातं, चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ दिसू लागते. एफ ४वर यायला पाच स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी करावे लागतात, म्हणजे एनडी ३२. व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण तो शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर चित्रात काळी फुली उमटते. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर नको. ६७ मिमीचा एकच चांगला घ्या आणि ५८ व ५२ मिमीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावा.

आवाज

मुंबईत चित्रापेक्षा आवाज बिघडण्याची शक्यता जास्त. पंखा, खिडकीतून येणारे हॉर्न, शेजारचा कुकर, मेट्रोचं काम. डीएसएलआरच्या आतला माइक हे सगळं सारख्याच इमानाने टिपतो आणि बोलणारा माणूस मागे पडतो. उपाय एकच: माइक तोंडाजवळ न्या. कॅमेऱ्यावर बसवलेला शॉटगन माइकही सात फुटांवरून खोलीचा घुमारा उचलतो. बोलण्यासाठी कॉलर माइकच हवा, हनुवटीपासून वीतभर खाली, कपड्यावर घासणार नाही असा.

बोया बीवाय-एम१ हा तारेचा माइक स्वस्त आणि भरवशाचा आहे. त्याची तार ६ मीटर असते आणि डबीत एलआर४४ सेल लागतो. डबीवरचं बटण ‘कॅमेरा’कडे असलं तरच डीएसएलआरमध्ये आवाज येतो. काम संपल्यावर ते परत ‘स्मार्टफोन’कडे करा, नाहीतर सेल उतरतो. इतर कोणताही मोबाइलचा माइक लावण्याआधी प्लगवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर कॅमेऱ्याचा, तीन असतील तर मोबाइलचा. तीन पट्ट्यांचा प्लग थेट लावला की आवाज खोल किंवा एका बाजूनेच येतो, कधी येतच नाही. त्यासाठीचं अडॅप्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतं.

मग कॅमेऱ्यातलं सेटिंग. ऑडिओ ‘ऑटो’वर ठेवू नका. ऑटोमध्ये माणूस बोलायचा थांबला की कॅमेरा आपोआप आवाज वाढवतो आणि प्रत्येक वाक्यामागे ‘सऽऽ’ असा फुसकारा भरतो. मॅन्युअल करा, बोलणाऱ्याला नेहमीच्या पट्टीत बोलायला लावा आणि उंचच उंच आवाजाला काटा -१२च्या खुणेपर्यंत जाईल इतकाच लेव्हल ठेवा. माइकला स्वतःचा गेन असेल तर तो वाढवा आणि कॅमेऱ्याचा उतरवा. डीएसएलआरच्या आतला प्रीअॅम्प (माइकचा आवाज वाढवणारं सर्किट) गोंगाटी असतो, त्याला जितकं कमी काम द्याल तितका आवाज स्वच्छ.

ढोल-ताशा आणि विसर्जनाच्या मिरवणुकीला याच्या उलट अडचण येते. तिथे आवाज इतका जोरदार असतो की लेव्हल खाली आणूनही तो फाटतो, कारण तो लेव्हलच्या आधी, माइक किंवा प्रीअॅम्पच्या पातळीवरच फाटलेला असतो. माइकवर -१० डीबीचं बटण असेल तर ते लावा, कॅननच्या मेनूतलं अॅटेन्युएटर (येणारा आवाज कमी करणारं सेटिंग) चालू करा आणि पथकापासून वीस-पंचवीस पावलं मागे राहा.

माइकचा जॅक नसलेला कॅमेरा आधीच घरात असेल तर कॉलर माइक मोबाइलला लावून रेकॉर्डिंग वेगळं करा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवा. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांची घड्याळं थोडीशी सरकतात, ओठ आणि शब्द वेगळे पडू लागतात. दर दहा मिनिटांनी थांबून नवी टाळी.

रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद. यावर दुसरा उपाय नाही.

ट्रायपॉड, कार्ड, बॅटरी

फोटोचा ट्रायपॉड व्हिडिओला चालतो, पण कॅमेरा फिरवायचा नसेल तरच. पॅन करायचं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा, तर झटके न देता फिरणारं फ्लुइड हेड हवं. हलका, पातळ पायांचा ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो. मधला दांडा वर न करता पाय उघडा आणि दांड्याखाली बॅग अडकवा. हेडची क्षमता कॅमेरा, लेन्स आणि माइकच्या एकत्रित वजनाच्या दुप्पट असावी. पॅन सावकाशच करा, कारण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि घाईत फिरवलं तर खांब तिरके होतात. धावत्या लोकलमधून बाहेरचं चित्रीकरण केलं तर हेच दिसतं. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते, हे इथेच सांगितलेलं बरं.

कार्डाचा हिशोब: ३० एमबीपीएसच्या (सेकंदाला ३० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) फुल एचडीला तासाला साधारण १३.५ जीबी लागतात, ६०ला २७ जीबी, आणि १२० एमबीपीएसच्या फोर-केला ५४. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, म्हणजे १२० एमबीपीएसच्या दुप्पट. त्याहून महाग कार्डाची यांपैकी कुणालाच गरज नाही. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ची दोन घ्या. नवं कार्ड आणल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड लिहिलेल्या क्षमतेच्या थोडंसंच खरं असतं आणि पुढच्या फाइली गुपचूप नष्ट करतं. यांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबते, तेव्हा भाषणाच्या मधल्या टाळ्यांत स्वतःहून थांबवून परत सुरू करा.

व्हिडिओच्या प्रत्येक तासाला एक बॅटरी धरा. एका जागी बसून लांब मुलाखत असेल तर भिंतीच्या सॉकेटवर चालणारी डमी बॅटरी घ्या.

सेटिंग, आणि एक हमखास होणारी गडबड

मेनूत व्हिडिओ सिस्टिम ‘पाल’ (२५ आणि ५० फ्रेमची) करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेमला शटर १/५०, ५० फ्रेमला १/१०० ठेवलं की ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसत नाहीत. काही स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, तिथे दिवाच बदला. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, नाहीतर बोलता बोलता चेहऱ्याचा रंग बदलतो. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस अगदी कमी. बारीक चौकड्यांचा शर्ट घालून येऊ नका असं आधीच सांगा, त्यावर इंद्रधनुषी लाटा उठतात आणि त्या नंतर काढता येत नाहीत.

गडबड होते ती व्हिडिओवरून फोटोवर येताना. एम (मॅन्युअल) मोडमध्ये शटर १/५०ला राहून जातं आणि पुढचे सगळे फोटो हललेले येतात. ८०डी, ९०डीवर सी१मध्ये व्हिडिओ आणि सी२मध्ये फोटो साठवा, डी७५००वर यू१, यू२मध्ये. २००डीवर ही सोय नाही, तिथे व्हिडिओ एम मोडमध्ये आणि फोटो एव्ही मोडमध्ये (त्यात शटर कॅमेरा ठरवतो) अशी वाटणी पक्की करा. लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढताना ८०डी, ९०डीचं अँटी-फ्लिकर चालू ठेवा, सलग काढलेल्या फोटोंतले काही पिवळट आणि काळपट येण्याचं थांबतं.

पावसाळा आणि खारा वारा

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फंगसला ६०-६५ पुरेशी होते. ती काचेवरच्या कोटिंगमध्ये उतरते आणि मग पुसून जात नाही. कॅमेऱ्याची बॅग ही साठवायची जागा नव्हे. कापड आणि फोम ओल धरून ठेवतात. रबरी गॅस्केटचा हवाबंद प्लास्टिक डबा घ्या, १०-१५ लिटरचा. आत पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० टक्क्यांच्या खाली ग्रिपचं रबर आणि आतलं वंगण सुकायला लागतं. तांदूळ घालू नका, त्याची पावडर लेन्सच्या रिंगांत शिरते.

एसी गाडीतून किंवा एसी लोकलमधून उतरून लगेच झाकण काढलं तर लेन्सवर, आणि कधी आतही, दव धरतं. उतरण्याआधीच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. मरीन ड्राइव्ह, वरळी किंवा जुहूला काम करून आलात की त्याच रात्री बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग किंचित ओलसर मायक्रोफायबरने, मग कोरड्याने पुसा. मीठ माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) धातूला आणि हॉट-शूला, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेला, खातं. काच पुसण्याआधी ब्लोअर मारा, नाहीतर वाळूचा कण कापडाखाली फिरतो.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओल भरली की ते हिरवट होतं. निळं गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचं रसायन असतं, घरात लहान मुलं असतील तर ते टाळा. रंग बदलला की ट्रेमध्ये पातळ पसरून ओटीजीत ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, हवाबंद बरणीत गार करा आणि मगच डब्यात घाला. ऐन जुलैत डबा रोज उघडत असाल तर दर आठ-दहा दिवसांनी हे करावं लागेल, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरतं.